नागपुरात बेसा भागात प्लॉट घेतला, पण कमरेइतकं गवत माजलंय. भाजीपाल्यासाठी सुरुवात कुठून करू?

जेसीबी बोलावू नका. मी बोलावला होता. वरची माती गेली, लव्हाळ्याच्या (चिवट तण) जमिनीतल्या गाठी प्लॉटभर पसरल्या आणि पुढचे दोन पावसाळे निंदण करण्यात गेले.

आधी गमबूट घालून, काठी आपटत एक चक्कर मारा, सापाचा नेम नाही. गाजरगवत फुलायच्या आत, ओल असताना मुळासकट उपटा. हातमोजे हवेतच, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल. तरोटा (टाकळा) कोवळा असेल तर फेकू नका, भाजी करा! हराळी आणि लव्हाळा मात्र कुदळीने खोदून हातानेच वेचावा लागतो.

सगळा प्लॉट एकाच हंगामात साफ करायचा हट्ट नको. एक कोपरा घ्या. उरलेल्या जागेला मे महिन्यात पाणी देऊन पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीत दाबा. आपल्याकडच्या उन्हात ४ ते ६ आठवड्यांत गवताचं बरंचसं बी भाजून निघतं.

आखणी कागदावर नंतर. पहिल्या जोराच्या पावसात छत्री घेऊन जा आणि पाणी कुठे साचतं ते बघा. काळी माती पाणी धरते, म्हणून वांगी-मिरचीला गादीवाफेच (जमिनीपेक्षा उंच वाफे) करा. संत्र्याचं कलम लावणार असाल तर उंचवट्यावर, खाली मुळं सडतात.