कॅलिब्रेशन: अंशन, पडताळणी की पासंग?

प्रश्न असा आहे: गाडीच्या कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) तापमान सेन्सर डेटा लॉगरला, म्हणजे मोजमापं नोंदवत राहणाऱ्या यंत्राला, जोडताना जे 'कॅलिब्रेशन' करतात, त्याला मराठीत 'प्रमाणीकरण' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नको. प्रमाणीकरण म्हटलं की एखादी गोष्ट ठरलेल्या मानकात बसवणं किंवा तसा दाखला देणं डोळ्यांपुढे येतं. इथे काम वेगळंच आहे.

हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. त्याला अंश ठाऊकच नसतात, तो फक्त रोध बदलतो, तोही उलटा: तापमान वाढलं की रोध घटतो. बॉशच्या एका नेहमीच्या सेन्सरचा रोध 20 अंशांना साधारण 2500 ओहम असतो आणि 100 अंशांना जेमतेम 186. लॉगरपर्यंत पोचतो तो त्या रोधाप्रमाणे बदलणारा नुसता व्होल्टेज. कुठल्या आकड्याला किती अंश म्हणायचं, हे आपण ठरवून द्यायचं. म्हणून मला 'अंशन' हा शब्द चपखल वाटतो. अंशशोधन, अंशांकन हेही वाचायला मिळतात, पण अंशन आटोपशीर आहे आणि 'अंशन केलं', 'अंशन चुकलं' असं बोलताना जीभ अडखळत नाही.

मित्राच्या गाडीसाठी आम्ही हे पुण्यातल्या स्वयंपाकघरात केलं. पातेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेतलं. सेन्सर आणि थर्मामीटर दोऱ्याने एकत्र बांधून आत सोडले, ढवळत राहिलो आणि मल्टिमीटरवरचा रोधाचा आकडा स्थिर झाल्यावर लिहून घेतला. तो 0 अंशांचा. मग कोमट पाण्यातला, शेवटी उकळत्या पाण्यातला. तिसऱ्या नोंदीपुढे मित्र 100 लिहायला निघाला, तेव्हा थर्मामीटर 98 दाखवत होता. बरोबरच होतं ते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर आहे आणि दर 300 मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. तिथे 100 लिहिलं असतं तर ती चूक पुढच्या नोंदींमध्ये शिरली असती. हे तीन बिंदू स्टाइनहार्ट-हार्ट समीकरणात (थर्मिस्टरच्या रोधावरून तापमान काढायच्या सूत्रात) घातले की तीन गुणांक मिळतात आणि मधले सगळे अंश त्यावरून काढता येतात. हे झालं अंशन.

आता दुसरी परिस्थिती. लॉगर अंशच दाखवतो आहे, पण बर्फाच्या पाण्यातही 2 म्हणतो. तेवढे 2 वजा करण्याला अंशन म्हणू नये. मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दावलीतही कॅलिब्रेशन आणि अ‍ॅडजस्टमेंट (उपकरण जुळवून घेणं) या वेगळ्या संज्ञा आहेत. यासाठी आपल्याकडे तराजूचा सुंदर शब्द आहे: पासंग. रिकामी पारडी समतोल नसली की हलक्या बाजूला जे वजन बांधतात, तो पासंग. 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' यातला तोच. ऑफसेटला, म्हणजे अशा ठरावीक वजा-बेरजेला, याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

आणि काहीही न बदलता नुसतं बरोबर आहे का पाहिलं, तर ती पडताळणी. दुकानदाराच्या वजनमापांची दरवर्षी-दोन वर्षांनी होते ना, 'पडताळणी व मुद्रांकन', त्यातली.

तेव्हा वहीत असं लिहा: 'सेन्सरचं तीन बिंदूंवर अंशन केलं, महिन्याने बर्फाच्या पाण्यात पडताळणी केली, 1 अंश जास्त दाखवला, तेवढा पासंग लॉगरमध्ये भरला.'