शब्दशंका : ‘डिफेनेस्ट्रेशन’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : एका इंग्रजी अग्रलेखात, खासदारांनी आपल्याच नेत्याचे ‘डिफेनेस्ट्रेशन’ केले, असे वाक्य वाचले. शब्दकोशात या शब्दाचा अर्थ ‘एखाद्याला खिडकीतून बाहेर फेकणे’ असा आहे. तो येथे कसा लागू होतो? मराठीत त्याला काय म्हणावे?

उत्तर : शब्दकोशातला अर्थ बरोबर आहे आणि अग्रलेखातला वापरही. लॅटिनमध्ये ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे खिडकी, आणि त्या शब्दाआधी ‘-तून बाहेर’ अशा अर्थाचा ‘दे’ हा उपसर्ग लागला आहे. इतक्या विशिष्ट कृत्यासाठी स्वतंत्र शब्दाची गरज कोणाला भासली असेल, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर बोहेमियाची राजधानी प्राग येथे मिळते.

३० जुलै १४१९ रोजी धर्मसुधारक यान हुस याच्या अनुयायांनी तेथील नगरसभागृहावर चाल करून सभासदांना खिडक्यांतून खाली फेकले, आणि त्यांत त्यांचा अंत झाला. मात्र हा शब्द कायमचा प्रागशी जोडला गेला तो २३ मे १६१८ च्या प्रसंगाने. सम्राट रुडॉल्फ दुसरा याने १६०९ मध्ये दिलेल्या धर्मस्वातंत्र्याची पायमल्ली होत असल्याच्या रागाने प्रोटेस्टंट सरदार प्रागच्या किल्ल्यात घुसले आणि त्यांनी स्लावाटा व मार्टिनित्स हे दोन कॅथलिक राजप्रतिनिधी आणि त्यांचा सचिव फाब्रिसियस यांना सुमारे २१ मीटर उंचीवरच्या खिडकीतून बाहेर लोटले. तिघेही वाचले. कॅथलिकांनी त्याचे श्रेय कुमारी मेरीला दिले, तर प्रोटेस्टंटांनी खालच्या उकिरड्याला. फाब्रिसियसला पुढे सरदारकी मिळाली, तीही ‘होहेनफाल’, म्हणजे ‘उंचावरचे पडणे’, अशा उपाधीसह. ती देणाऱ्याला विनोदबुद्धी नव्हती असे मानणे कठीण आहे. या उठावातून पेटलेले युद्ध मात्र तीस वर्षे, १६४८ पर्यंत, मध्य युरोपला जाळत राहिले.

भय आणि हास्य यांचे हे मिश्रण शब्दात आजही टिकून आहे, आणि लाक्षणिक वापरात त्याचाच उपयोग केला जातो. सत्तेवरच्या व्यक्तीला तिच्याच वर्तुळातल्या लोकांनी, अचानक आणि फारसा मुलाहिजा न ठेवता हटवले, की हा शब्द शोभतो. १९९० मध्ये मार्गारेट थॅचर यांना स्वपक्षीयांच्या विरोधामुळे ब्रिटनचे पंतप्रधानपद सोडावे लागले, तो प्रसंग या जातीचा. निवडणुकीत मतदारांनी पाडलेल्या किंवा मुदत संपून पायउतार झालेल्या नेत्याला तो लावू नये.

शब्दशः वापरतानाही सावध राहावे, कारण या क्रियेला कर्ता लागतो. तोल जाऊन खिडकीतून पडणे हे डिफेनेस्ट्रेशन नव्हे. मार्च १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे परराष्ट्रमंत्री यान मासारिक यांचा मृतदेह मंत्रालयातील त्यांच्या निवासस्थानाच्या खिडकीखाली आढळला, आणि तो अपघात, आत्महत्या की खून, हा वाद दीर्घकाळ चालला. त्या घटनेला हा शब्द लावणारा लेखक, नकळत का होईना, खुनाच्या बाजूने कौल देतो.

मराठीत लाक्षणिक अर्थासाठी ‘उचलबांगडी’ याहून चपखल शब्द मला दिसत नाही, कारण धरून, उचलून बाहेर काढण्याचे चित्र त्यातही आहे आणि किंचित मिस्कीलपणाही. ‘गच्छंती’त जाणाऱ्याचे जाणे दिसते, घालवणाऱ्यांचे हात दिसत नाहीत. ‘कडेलोट’ जवळचा वाटला तरी तो टाळावा. त्याच्या मुळाशी देहदंड आहे, आणि आज तो बहुधा ‘संयमाचा कडेलोट’ अशा प्रयोगांत परिसीमेच्या अर्थाने येतो. शब्दशः अर्थ सांगायचा असेल तर ‘खिडकीतून फेकून देणे’ एवढे पुरे. त्यासाठी नवा संस्कृत समास घडवण्याचा मोह आवरावा.

प्रश्न : मग ‘फेनेस्ट्रेशन’ हा त्याचा विरुद्धार्थी शब्द समजावा का?

उत्तर : नाही. वास्तुकलेत इमारतीतील खिडक्यांची रचना व मांडणी, आणि शस्त्रक्रियेत छिद्र पाडणे, असे त्याचे अर्थ आहेत. कोणाला खिडकीतून आत घेण्याशी त्याचा संबंध नाही.