सिएम रीपमधील अनाथालयाची भेट

प्रश्न : पुढच्या महिन्यात आम्ही सहकुटुंब अंगकोर वाट हे मंदिर पाहायला कंबोडियाला जात आहोत. सहल आखणाऱ्याने एक दुपार सिएम रीपमधील अनाथालयासाठी राखून ठेवली आहे. तिथल्या मुलांना वह्या आणि खाऊ द्यावा, त्यांच्याशी खेळावे, असे माझ्या मुलीच्या मनात आहे. परक्यांचे दुःख तिला जवळून कळावे, असे मलाही वाटते. मुलगा मात्र याला दुःखाचे पर्यटन म्हणतो. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ही भेट रद्द करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कंबोडियातील अशा संस्थांमधल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असल्याचे युनिसेफने पूर्वीच निदर्शनास आणले आहे. पाहुण्यांच्या देणग्या वाढल्या तशी अनाथालयेही वाढत गेली, आणि शिक्षण मिळेल या आशेने गरीब आईबाप आपली मुले तिथे ठेवू लागले. म्हणजे आपली कणवच एखाद्या मुलाचे घर तुटण्यास कारण होऊ शकते. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचीही दखल घेतली, ती याच कारणाने. ज्या देशात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने कुटुंबे जाणूनबुजून फोडली, तिथे हे घडावे, हे विशेष खटकते.

वाढदिवसाला अनाथाश्रमात जेवण देण्याची रीत आपल्याकडे रूढ असल्याने यात काही वावगे असेल, असे चटकन वाटत नाही. पण तासाभरात गळ्यात पडणारे मूल आपल्याला समजले, असे मानणे ही स्वतःचीच समजूत घालणे होय. दर आठवड्याला नवी माणसे लळा लावून निघून जातात, तेव्हा त्या मुलाला काय वाटते, हे आपल्या छायाचित्रात दिसत नाही.

याचा अर्थ परक्यांविषयी काही कळूच शकत नाही, असा नव्हे. सिएम रीपमध्ये ‘फारे’ या संस्थेची सर्कस आहे. निर्वासितांच्या छावणीतून परतलेल्या तरुणांनी १९९४ मध्ये बातमबांग येथे या संस्थेची स्थापना केली. सर्कशीत तिकीट काढून बसलेला प्रेक्षक कलावंतांच्या कौशल्याला दाद देतो, त्यांची कीव करत नाही, आणि हे नाते आम्हाला अधिक बरोबरीचे वाटते. वाटाड्या वयस्कर असेल, तर ख्मेर रूजच्या त्या चार वर्षांत घरातले कोण गेले, असे विचारू नका. तो आपणहून बोलला, तर मुलीला ऐकू द्या. वह्यांचे पैसे मुलांना त्यांच्या कुटुंबातच राहता यावे म्हणून काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत. भेट का रद्द केली, हे सहल आखणाऱ्याला लेखी कळवावे, म्हणजे पुढच्या गटाच्या कार्यक्रमातूनही ती वगळली जाण्याची शक्यता वाढेल.