‘द क्राइंग गेम’मधलं गुपित आधीच कळलंय, तरी सिनेमा पाहावा का?

जरूर पाहा. मलाही ते आधीच कोणीतरी सांगून टाकलं होतं आणि मीही तुमच्यासारखाच हिरमुसलो होतो. पण सिनेमाचा जीव त्या गुपितात नाही. (इथे ते फोडत नाही, हे उत्तर वाचणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक असेलच असं नाही.) त्याचा एवढा गवगवा झाला तो अमेरिकेतल्या वितरकांमुळे. ‘कोणाला सांगू नका’ हीच त्यांनी जाहिरात केली.

नील जॉर्डनचा हा सिनेमा १९९२चा. उत्तर आयर्लंडमध्ये आयआरएची (ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणारी सशस्त्र आयरिश संघटना) माणसं जोडी नावाच्या ब्रिटिश सैनिकाला जत्रेतून पळवतात. तीन दिवसांत आपला साथीदार सुटला नाही, तर याला गोळी घालायची. पहाऱ्यावर असतो फर्गस. सिनेमाचा हा पहिला भाग नीट बघा, कारण पुढचं सगळं इथेच पेरलेलं आहे.

जोडी वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वाचा, काळा, लंडनच्या टॉटनहॅममध्ये वाढलेला. हात बांधलेले, मरण समोर, आणि गडी बोलतो क्रिकेटबद्दल! तो गोलंदाज. अँटिग्वात क्रिकेट म्हणजे काळ्यांचा खेळ, पोरं दुडूदुडू चालायला लागली की खेळायला लागतात. टॉटनहॅमला आल्यावर त्याला कळलं की इथे तो बड्या घरच्या लोकांचा खेळ आहे. फर्गसचा खेळ हर्लिंग, काठी-चेंडूचा जुना आयरिश खेळ. एका साम्राज्याने दोघांना कुठे कुठे आणून ठेवलंय, हे त्या गप्पांतून कळतं. भाषण कोणी ठोकत नाही.

मग जोडीला लघवीला जायचं असतं. हात मागे बांधलेले, त्यामुळे सगळं फर्गसलाच करावं लागतं. तो संकोचाने अर्धमेला होतो, आणि नंतर दोघंही हसत सुटतात. एकदा असं हसल्यावर त्या माणसाला गोळी कशी घालायची? माझ्या मते सिनेमाचा खरा प्रश्न हा आहे. जोडी पाकिटातला आपल्या प्रेयसीचा, डिलचा फोटो दाखवतो, मला काही झालं तर तिला भेट म्हणतो. जोडी वाचत नाही. फर्गस लंडनला पळतो, जिमी हे नाव घेतो, बांधकामावर मजुरी करतो आणि डिलला शोधून काढतो. कामाच्या जागेशेजारीच क्रिकेटचं मैदान असतं. पांढऱ्या कपड्यांत धावत येणारा जोडी त्याच्या स्वप्नात येत राहतो. तो प्रेमात पडतो ते डिलच्या, की ज्याला वाचवू शकला नाही त्याच्या आठवणीच्या? गुपित माहीत असेल तर हा प्रश्न पहिल्या फोटोपासूनच तुमच्या सोबत राहतो. म्हणून म्हणतो, तुमचं नुकसान झालेलं नाही.

स्टीफन रिआ फर्गस झालाय. त्याचा पडेल, थकलेला चेहरा फार बोलतो. डिल साकारणाऱ्या जे डेव्हिडसनचा हा पहिलाच सिनेमा, आणि थेट ऑस्करचं नामांकन. एकूण सहा नामांकनं होती. पुरस्कार मिळाला मूळ पटकथेला. ब्रिटनमध्ये मात्र सिनेमा फारसा चालला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजजवळ आयआरएच्या बॉम्बने तीन माणसं मेली होती. अशा वेळी आयआरएच्या माणसाला नायक म्हणून बघणं तिथल्या लोकांना जड गेलं असेल, तर त्यात नवल नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. मिरांडा रिचर्डसनने केलेली आयआरएतली बाई, ज्यूड, फारच एकसुरी लिहिली आहे. इतकी ताकदीची नटी असून तिला माणूस होऊच दिलेलं नाही. आणि गुपित उघडं होतं तेव्हाची फर्गसची प्रतिक्रिया आज बघवत नाही. पण ती तिथेच संपत नाही. तो परत येतो, चुकतो, पुन्हा येतो.

पहिल्या भागात जोडी बेडूक आणि विंचवाची गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. सिनेमाच्या अगदी शेवटी ती पुन्हा येते, तेव्हा सांगणारा कोण आहे तेवढं बघा.