बोकिलांनी आता काय लिहावं? माझं मत: 'शाळा भाग दोन' नको, सोसायटीची सभा

तुमचा प्रश्न असा की मित्रमंडळींत वाद पेटलाय, मिलिंद बोकिलांनी पुढची कादंबरी कोणत्या प्रकारात लिहावी. निम्म्यांना त्यांच्या 'शाळा' या गाजलेल्या कादंबरीचा दुसरा भाग हवाय, दोघांना रहस्यकथा, एकाला ऐतिहासिक. लेखक आपल्याला विचारून लिहीत नसतो, बोकील तर नाहीच नाही. तरी वाद घालायला पैसे पडत नाहीत, म्हणून हे उत्तर.

मी बावीस वर्षं एक छोटं वर्गणीचं वाचनालय चालवतो, आम्ही राहतो त्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात. वाचकांना काय हवंय ते मला तोंडी विचारावं लागत नाही, पुस्तकाच्या शेवटच्या पानाला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघितली की कळतं. 'शाळा'च्या माझ्याकडे तीन प्रती आहेत. त्यातली सर्वांत जुनी दोनदा बाइंडिंगला जाऊन आली. तिची पहिली चिठ्ठी शिक्क्यांनी भरली तशी तिच्यावर दुसरी डकवली, मग तिसरी. आता पुस्तक मागच्या बाजूला पोट सुटल्यासारखं दिसतं. शेजारीच बोकिलांची 'गवत्या' ही कादंबरी उभी आहे. तिची चिठ्ठी अजून पहिलीच, शिक्के सतरा. 'एकम'वर त्याहून कमी. 'समुद्र' तेवढी बरी चालली, आणि तिच्यावरून नाटक आलं तेव्हा महिनाभर मिळत नव्हती.

म्हणजे तुमच्या मित्रांची मागणी काही जगावेगळी नाही. आमच्या एक सभासद ताई आहेत, शाळेत शिक्षिका होत्या, त्यांनी 'शाळा' परत करताना विचारलं होतं, "पुढं शिरोडकर भेटली का हो त्याला?" मी म्हटलं, नाही भेटली. तर म्हणाल्या, "तुम्हाला काय माहीत!" खरंच, मला काय माहीत. पण शिरोडकर, म्हणजे नायकाला आवडणारी वर्गातली मुलगी, गेली आणि पोरगा मागं राहिला यावरच ती कादंबरी उभी आहे. दुसऱ्या भागात ती भेटवली तर पहिला भाग आडवा होईल. आणि हिशेब करा. आणीबाणीत नववीत असलेला हा नायक, मुकुंद जोशी, आज पासष्टीला टेकलाय. सुऱ्या, चित्र्या, फावड्या हे त्याचे दोस्त, सगळेच. गुडघे, साखर, मुलगा बाहेरगावी. हे लिहिता येईल, पण वाचकाला हवी असलेली नववी त्यात कुठून आणणार?

रहस्यकथा म्हणाल तर मराठीत तिची चांगली मोठी गादी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्यानं हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. पण बोकिलांचा हात त्या जातीचा नाही. 'समुद्र'मध्ये नवरा-बायकोत एक गुपित आहेच की. दुसऱ्या कुणी ते शेवटच्या पानापर्यंत दाबून धरलं असतं. बोकिलांना गुपितात रस नाही, ते कळल्यावर दोन माणसं एका खोलीत कशी बसतात यात आहे.

ऐतिहासिकबद्दल एवढंच सांगतो. रणजित देसाईंनी आधी 'बारी' आणि 'माझा गाव' लिहिल्या होत्या, दोन्ही मातीतल्या. मग 1962 साली 'स्वामी' आली, ती लोकांनी अशी काही उचलून धरली, आणि त्यानंतर 'श्रीमान योगी', की आज माझ्याकडे 'बारी' मागणारा माणूस वर्षाला एखादा येतो. त्याला मी चहा पाजतो.

आता माझं म्हणणं. बोकिलांनी विनोदी कादंबरी लिहावी.

'विनोदी' म्हटल्यावर नाक मुरडू नका. 'शाळा' ही मुळात विनोदी कादंबरी आहे, आपण तिला हळवी म्हणून कपाटात ठेवली. तो पोरगा मोठ्या बहिणीला अंबाबाई म्हणतो, बाईंना बेंद्रीण म्हणतो, अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून जगाचा निकाल लावतो, आणि स्वतः कमालीचा गंभीर असतो. हसू येतं ते त्याच्या या गंभीरपणामुळे. तुमचे मित्र दुसरा भाग मागताहेत, पण मला वाटतं त्यांना शिरोडकर नकोय, तो आवाज हवाय. आवाज पुन्हा आणता येतो, त्यासाठी तीच पोरं लागत नाहीत.

आणि मराठीत या फडताळात जागाही रिकामी आहे. आपला विनोद लेखांत गेला, कथेत गेला, नाटकात गेला. चि. वि. जोशींचा चिमणराव कथांमधून वाढला, मिरासदार-शंकर पाटलांनी कथा लिहिल्या आणि स्टेजवर सांगितल्या. तीनशे पानं हसवत नेणारी कादंबरी माझ्याकडे कुणी मागितली तर मला दोन मिनिटं कपाटाकडे बघत उभं राहावं लागतं.

विषयही माझ्याकडे तयार आहे. बोकिलांनी गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावावर एक पुस्तक लिहिलंय, 'गोष्ट मेंढा गावची'. कादंबरी नाही ती. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं हे गोंडांचं गाव. 2009 साली त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण मला त्यात सगळ्यात भारी वाटलं ते वेगळंच. तिथली ग्रामसभा बहुमतानं ठरवत नाही, सर्वसहमतीनं ठरवते. एक माणूस नाही म्हणाला की विषय पुढं ढकलायचा, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. हे ज्यानं जवळून पाहिलं, तपशिलात लिहून ठेवलं, त्या माणसानं आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेला एकदा येऊन बसावं.

आमची चोवीस बिऱ्हाडं. 2019 च्या शासन निर्णयानं पुनर्विकासाला 51 टक्के संमती पुरते, म्हणजे आमच्यात तेरा. तेरा कधीच झाले. तरी सभा काही संपत नाहीत, कारण उरलेल्या अकरांना रोज जिन्यात तोंड दाखवायचं असतं. विकासक निवडायच्या सभेचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं, नियम आहे. त्या दिवशी सगळे लग्नाला निघाल्यासारखे आले. एरवी बनियनवर फिरणारे पहिल्या मजल्यावरचे आजोबा कोट घालून. दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, ते शूटिंगवाल्याला वेगवेगळं सांगत होते की आम्हाला एका फ्रेममध्ये घेऊ नका.

कार्पेट म्हणजे घराचं आतलं क्षेत्रफळ, कॉर्पस म्हणजे विकासकाकडून मिळणारा निधी, भाडं, शिफ्टिंग हे सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. "तुळस कुठं ठेवायची?" विकासकाचा तरुण पोरगा म्हणाला, "मॅडम, पोडियमवर लँडस्केप गार्डन आहे." काकू म्हणाल्या, "म्हणजे पाणी घालायला मी अकराव्या मजल्यावरून रोज खाली उतरू?" कुणी तरी म्हणालं, खिडकीत ठेवा. दुसऱ्यानं सांगितलं, खिडकीला ग्रिल लावायचं नाही असं करारात आहे. मग बाल्कनी कार्पेटमध्ये धरली की नाही यावर आलं, तिथून 1994 साली कुणी आधी बाल्कनी बंद केली त्यावर गेलं, आणि दोघे भाऊ वीस वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. भांडले, पण बोलले. पाऊण तास गेला. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं: 'तुळशीबाबत सविस्तर चर्चा झाली.'

मी तिथंच बसलो होतो, माझीही काळजी होतीच. तीन वर्षं नऊ हजार पुस्तकं कुठं ठेवायची हा विषय 'आयत्या वेळच्या विषयां'त होता आणि तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही. पण खरं सांगतो, मला सारखं ते अर्धवट इमारतीत बसलेलं टोळकं आठवत होतं. पंच्याहत्तर साली बांधकाम चालू होतं म्हणजे ती इमारत आता पन्नाशीची. तीही पडायला आली असणार. तिच्यातही कुणी चोवीस बिऱ्हाडं राहत असणार, आणि खाली खुर्च्या मांडून कुणी विचारत असणार, तुळस कुठं ठेवायची. तुमच्या 'भाग दोन'वाल्या मित्रांना एवढी तडजोड चालत असेल तर सेक्रेटरी म्हणून जोशीला घ्या. माझी हरकत नाही. फक्त शिरोडकर आणू नका, ती विकासकाची वकील निघेल आणि सगळा घोळ होईल.

यावर कुणी म्हणेल, 'बटाट्याची चाळ' झाली आहे की. झाली, 1958 मध्ये, आणि ती वाचनालयात कधी शिल्लक नसते. पण चाळीतल्या माणसांना एकमेकांकडून काही मिळायचं नव्हतं. उपास केला, प्रवासाला निघाले, भांडले, संपलं. इथं प्रत्येकाच्या डोक्यात जास्तीचे दीडशे चौरस फूट आहेत, आणि शेजारी कितीही आवडला तरी तो त्या चौरस फुटांच्या आड उभा आहे. ही हसण्याची वेगळी जात आहे, पुलंच्या वेळेला ती नव्हती.

'शाळा'च्या वाचकांनी नाराज होऊन पुस्तक परत आणलं तर? आणतील, मला माहीत आहे, शिक्का मीच मारणार. तेवढी धास्ती असेल तर टोपणनावानं लिहावं. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. आपली आद्याक्षरंच उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळालं.

तुमच्या गटात काय ठरतं ते कळवा. तेरा जण एका बाजूला झाले म्हणून वाद संपेल अशी मात्र आशा धरू नका. आमच्या सभेच्या शूटिंगचा पेनड्राइव्ह सेक्रेटरींच्या कपाटात आहे, अजून कुणी उघडून बघितलेला नाही. बोकिलांना हवा असेल तर मी मागून देतो.