कानातला रातकिडा

वाचकांचे प्रश्न, कानाच्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : माझं सासर तासगाव तालुक्यातलं कवठे एकंद. दसऱ्याच्या रात्री तिथे ग्रामदैवताच्या पालखीपुढे शोभेच्या दारूची आतषबाजी होते, ती बघायला लांबलांबून माणसं येतात. आम्ही हडपसरला राहतो, पण दसऱ्याला गावी जातोच. मुलगी ४ वर्षांची आहे, मुलगा ७ महिन्यांचा. गेल्या वर्षी मुलगी बाबांच्या खांद्यावर बसून पालखीच्या वाटेवरच होती. कानात कापसाचे बोळे घातले होते. रात्री झोपताना म्हणाली, "आई, माझ्या कानात रातकिडा गेलाय, त्याला काढ." मी बॅटरी लावून पाहिलं, काहीच नव्हतं. सकाळी उठून म्हणाली, "गेला." आम्ही हसलो आणि विसरलो. यंदा तान्ह्याला न्यायचं ठरल्यावर ते आठवलं. सासूबाई म्हणतात, "आमी पोरं अशीच वाढवली की. कोन भैरं झालंय?" मिस्टरांच्या कारखान्यात फोमचे इअरप्लग मिळतात, ते चालतील का? की जाऊच नये?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : जा. मी त्याच पट्ट्यातली आहे. दसऱ्याला घरी बसा असं मी कुणाला सांगितलं, तर माहेरी मला कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही. फक्त पालखीच्या वाटेवर पोरांना नेऊ नका. बाकी सगळं या एका वाक्याच्या पोटात आहे.

आधी रातकिड्याचं. आम्ही त्याला कर्णनाद म्हणतो, पण तुमच्या लेकीचा शब्द जास्त नेमका आहे. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक पोकळी असते. तिच्यात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात, एका कानामागे १५ हजारांच्या आसपास. मोठा धमाका झाला की त्या वादळात ऊस लोळावा तशा लोळतात. बऱ्याचशा रातोरात उभ्या राहतात आणि सकाळी किडा 'गेला' असं वाटतं. ज्या मेल्या त्या मेल्या, पुन्हा येत नाहीत. (कोंबडीच्या कानात त्या नव्याने येतात. माणसाला ती सोय नाही.) म्हणजे गेल्या वर्षी कायमचं काही बिघडलं असेलच असं नाही, पण आवाज तिच्या कानाला झेपण्यापलीकडचा होता, एवढं तिने तुम्हाला सांगितलं होतं. निघण्याआधी तिची श्रवणचाचणी करून घ्या. या वयाच्या मुलांसाठी ती खेळच असते : 'पीप' ऐकू आलं की बादलीत एक ठोकळा टाकायचा. धाकट्याची जन्मानंतर ओएई (तान्ह्या बाळांची ऐकण्याची तपासणी) झाली होती का, ते त्याच्या फाइलमध्ये बघा. झाली नसेल तर तीही याच फेरीत उरकून टाका.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना माझ्या मामांची गोष्ट सांगा. मामा दारूकाम करायचे. नवरात्र लागलं की अंगणात खलबत्ता, कोळसा, सोरा, आणि आम्हा पोरांना लांब हाकलणं. पंचेचाळिशीतच त्यांचं "जरा मोट्यानं बोल गं" सुरू झालं. पण गावात त्यांना कुणी बहिरं म्हणायचं नाही, 'मामा आपल्याच तंद्रीत असतो' म्हणायचे. हे असंच असतं. धमाक्यांनी गेलेला कान एकदम बंद होत नाही. आधी उंच पट्टी जाते : स, श, फ, थ, चिमणी, कुकरची शिट्टी, नातवंडाची कुजबुज. ढोल ऐकू येतो, म्हणून माणूस म्हणतो, माझं काय बिघडलंय? दसऱ्याला मी मामांच्या उजव्या खांद्यावर बसून दारूकाम बघायची, डावा कान वाटेकडे. आज माझ्या डाव्या कानाच्या श्रवणचाचणीच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच पट्टीत, खड्डा आहे (तिथलं कमी ऐकू येतं), उजव्यात नाही. कारण तेच, असं मी कोर्टात शपथेवर सांगणार नाही. पण असा खड्डा दिसला की मी पेशंटला पहिला प्रश्न आवाजाचाच विचारते.

तेव्हा 'कोन भैरं झालंय' याचं उत्तर, आम्ही कधी मोजलंच नाही.

तान्ह्याच्या बाबतीत आणखी एक गैरसमज हमखास असतो : "रडला नाही, झोपला होता, म्हणजे त्याला त्रास नाही." झोपेत कान बंद होत नाही. कानात, हाडांना जोडलेल्या स्नायूंतला सगळ्यांत लहान स्नायू असतो. मोठा आवाज आला की तो मधल्या कानातल्या रिकिबीसारख्या हाडाला मागे खेचून धक्का थोडा कमी करतो. पण त्याला ताणून घट्ट व्हायला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी लागतो आणि धमाका तेवढ्यात होऊन गेलेला असतो. वरातीमागून घोडं. शिवाय बाळाच्या कानाची नळी इवलीशी असते, त्यामुळे तोच आवाज, विशेषतः उंच पट्टीतला, त्याच्या पडद्यावर आपल्यापेक्षा जास्त दाबाने आदळतो.

थोडं गणित करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत धमाक्यासारख्या आवाजाच्या शिखराची (म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्यांत वरच्या पातळीची) मर्यादा मोठ्यांना १४० डेसिबल आणि मुलांना १२० सांगितली आहे. आपल्या कायद्यात फटाक्याला फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १४५ डेसिबलपर्यंतच्या शिखराची मुभा आहे. म्हणजे अगदी नियमात बसणारा फटाकासुद्धा ४ मीटरवरच्या पोराला २५ डेसिबलने जास्त. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो : ८ मीटरला १३९, १६ ला १३३, ३२ ला १२७, ६४ ला १२१. मुलांच्या मर्यादेखाली यायला ७०-७५ मीटर लागले, तेही एकाच फटाक्याला आणि मोकळ्या रानात. गावच्या गल्लीत दोन्हीकडच्या भिंती आवाज परत फेकतात. आणि हाताने ठासलेल्या दारूचा आवाज मीटर लावून कोण मोजतंय? म्हणून मी सरळ दुप्पट धरते, दीडशे मीटर. जास्त मिळालं तर उत्तम.

मोबाइलवरच्या डेसिबलच्या ॲपवर जाऊ नका, धमाक्यापुढे फोनचा माइक मान टाकतो आणि आकडा कमी दाखवतो. त्यापेक्षा माझी पद्धत सोपी आहे. उजेड दिसल्यावर शांतपणे 'बाप्पा' म्हणा. शब्द संपल्यावर आवाज आला तर तुम्ही साधारण दीडशे मीटरवर आहात, कारण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि 'बाप्पा' म्हणायला अर्धा सेकंद लागतो. उजेड आणि आवाज एकदमच आले तर पोर उचला आणि मागे फिरा. माझ्या भाच्यांना हा खेळ इतका आवडला की ते दारूकाम सोडून 'बाप्पा'च मोजत बसले. लांबच्या कुणाच्या गच्चीवरून आकाशातली नक्षी वाटेवरच्यापेक्षा चांगली दिसते, हे सासूबाईंनाही पटेल. त्यांचे गुडघे दुखत असतीलच.

कापसाचे बोळे विसरा. त्यांनी जेमतेम थोडे डेसिबल कमी होतात आणि आईबापांची भीड मात्र पूर्ण चेपते, म्हणून ते मला नसण्यापेक्षा वाईट वाटतात. कानटोपीचंही तेच. कारखान्यातले फोमचे प्लग मोठ्यांच्या कानासाठी असतात. ते पिळून, कान वर-मागे ओढून आत सरकवावे लागतात. ४ वर्षांच्या मुलीच्या कानात ते नीट बसणार नाहीत, आणि ७ महिन्यांच्या बाळाच्या हाताला लागले तर सरळ तोंडात जातील. ते तुमच्या मिस्टरांनीच घालावेत. पालखीबरोबर तेच चालणार असतील ना?

मुलांना इअरमफ घ्या, कानावर वाटीसारखे बसणारे, आवाज अडवण्यासाठी बनवलेले. गाणी ऐकायचे हेडफोन नकोत. विमानातली घरघर कमी करणारे महागडे नॉइज कॅन्सलिंगवालेही नकोत, ते एकसुरी आवाजासाठी असतात, धमाक्यासाठी नाहीत. बाळांसाठी मऊ पट्टीचे मिळतात. खोक्यावर वय बघा आणि एनआरआर किंवा एसएनआर असा (किती डेसिबल आवाज अडतो ते सांगणारा) आकडा असेल तोच घ्या. २५ लिहिलं असेल तर घरच्या वापरात त्यातले १२-१५ मिळाले तरी पदरात पडले म्हणायचं. कारण वाटी आणि डोकं यांच्यामध्ये केस येतात, टोपीची कड येते, डूल येतात. लेकीचे डूल त्या रात्री काढून ठेवा आणि वेणी मागे घाला. सणाला मुलीचे कान मोकळे ठेवल्याबद्दल कुणी बोललं तर माझं नाव सांगा.

आणि इअरमफ दसऱ्याच्या संध्याकाळी पहिल्यांदा खोक्यातून काढू नका, लेक फेकून देईल. आठवडाभर आधी घरी मिक्सर लावताना घालायला द्या, तुम्हीही एक घाला. बाळाच्या डोक्यावर थोडा वेळच ठेवा, ते लावून आडवं झोपवू नका. बाळ बाहेर बसायला तयारच नसेल तर एका मोठ्या माणसाने त्याला घेऊन गल्लीपासून लांबच्या आतल्या खोलीत बसावं. धुराच्या दृष्टीनेही तेच बरं.

ऐनवेळी काही हाताशी नसेल तर कानाच्या भोकापुढे जो छोटा मऊ उंचवटा असतो, तो बोटाने आत दाबून भोक झाका. तळहात नुसता टेकवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. लेकीलाही शिकवून ठेवा.

प्रश्न : लक्ष्मीपूजनाला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. ६ वर्षांचा नातू शेजारीच उभा होता. आज तिसरा दिवस, हाक मारली की दोनदा "काय?" म्हणतो, टीव्हीचा आवाज वाढवतो. हिने लसणीचं कोमट तेल घातलं, फरक नाही. अजून घालावं का?
— एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : हे पत्र गेल्या दिवाळीतलं. अंक छापून येईपर्यंत थांबण्यातलं ते नव्हतं, म्हणून संपादकांनी मला फोनवर वाचून दाखवलं आणि आम्ही आजोबांना त्याच दुपारी फोन केला. ते आज छापतेय, कारण येत्या दिवाळीत हेच पुन्हा होणार आहे.

तेल घालायचं नाही. पाणीही नाही, थेंबाचं औषध मनाने नाही. धमाक्याने पडद्याला भोक पडलेलं असू शकतं आणि त्यातून तेल थेट मधल्या कानात उतरतं. नातवाच्या पडद्याला तसं बारीक भोक होतंच. आजींना फार वाईट वाटलं, पण तेलाची वाटी प्रत्येक घरात असते, माझ्याही आईच्या देवघराशेजारी होती. बहुतेक लहान भोकं कान कोरडा ठेवला तर आपोआप बुजतात, याचंही दोन महिन्यांत बुजलं. पण मला घाई भोकाची नव्हती, आतल्या कानाची होती. तिथे मार बसला असेल तर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो, नंतर औषध तेच आणि गुण नाही. म्हणून धमाक्यानंतर मूल नीट ऐकत नसेल, कान दुखत असेल, त्यातून रक्त किंवा पाणी येत असेल, चक्कर येत असेल, किंवा रातकिडा दुसऱ्या दिवशीही गेला नसेल, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे न्या. भाऊबीज असली तरी. आमच्यातलं कुणी ना कुणी त्या दिवशीही दवाखाना उघडतंच.