नवऱ्याचे खापरपणजोबा इंग्लंडमधल्या नेमक्या कुठल्या गावचे, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याचे खापरपणजोबा 1853 च्या आसपास इंग्लंडहून मेलबर्नला आले, नाव अगदी कॉमन, मृत्यूच्या दाखल्यावर जन्मठिकाण नुसतं ‘इंग्लंड’, आणि त्या नावाची माणसं तिकडच्या रेकॉर्डमध्ये ढिगाने सापडतायत. माझं कळकळीने एकच सांगणं आहे, इंग्लंडमधला शोध सध्या थांबवा. माझ्या सासरच्या घराण्यासाठी मी हे सगळं केलंय आणि गावाचं नाव मिळालं ते ऑस्ट्रेलियातल्या कागदांतच.

मृत्यूचा दाखला आपण सगळ्यात आधी मागवतो, पण त्यातली माहिती दिलेली असते मुलाने नाहीतर जावयाने, ज्याने इंग्लंड कधी पाहिलेलंच नसतं, तो काय सांगणार. लग्नाला मात्र माणूस स्वतः हजर असतो. व्हिक्टोरियात (मेलबर्न ज्या प्रांतात येतं तो) सरकारी नोंदणी 1 जुलै 1853 ला सुरू झाली आणि तिथल्या लग्नाच्या दाखल्यावर जन्मठिकाण, आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, वडिलांचा धंदा असं सगळं येतं. (इंग्लंडमध्ये लग्नाच्या दाखल्यावर आईचं नाव यायला 2021 उजाडलं!) लग्न करूनच आले असतील तर मुलांच्या जन्माचे दाखले घ्या, त्यावर आईबापांची वयं, जन्मठिकाणं, लग्न कधी कुठे झालं तेही असतं. आणि एका मुलाचा घेऊन थांबू नका, सगळ्या भावंडांचे घ्या, कारण एका ठिकाणी ‘इंग्लंड’ लिहिलेलं असतं, दुसरीकडे ‘कॉर्नवॉल’ (इंग्लंडमधली एक काउंटी, म्हणजे जिल्हा), आणि तिसरीकडे अचानक गावच.

तरी नाही मिळालं तर आजूबाजूची माणसं धरा. लोक एकेकटे कमी यायचे, भाऊ, मेहुणे, शेजारी असे मागोमाग यायचे, व्हिक्टोरियातल्याच बेंडिगोच्या सोन्याच्या खाणींत तर कॉर्नवॉलचे खाणकाम करणारे कितीतरी होते. लग्नाचे साक्षीदार कोण होते, शेजारच्या जमिनी कुणाच्या होत्या ते बघा. आमच्याकडे गाव कळलं ते खापरपणजोबांच्या बहिणीच्या दाखल्यावरून, त्यांच्या स्वतःच्या एकाही कागदावर ते नव्हतं. ट्रोव्हवर (ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची वेबसाइट) जुने पेपर फुकट वाचता येतात, तिथे निधनाच्या जाहिराती शोधा, शेवटी बऱ्याचदा ‘कॉर्नवॉलच्या पेपरांनी कृपया छापावे’ अशी ओळ असायची, त्यावरून निदान काउंटी तरी कळते.

हे झालं की मग इंग्लंड. तुमच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. 30 मार्च 1851 ला तिकडे जनगणना झाली आणि त्यात प्रत्येकाचा जन्म कुठल्या पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात) झाला ते लिहिलंय, 1841 च्या जनगणनेत तसं नाही, तिथे फक्त याच काउंटीत जन्म झाला का एवढंच आणि मोठ्यांची वयंसुद्धा बहुतेक पाचाच्या पटीत खाली आणलेली. 1853 ला निघालेला माणूस 1851 ला तिथे असायला हवा आणि 1861 च्या जनगणनेत नसायला हवा.

खूप लोक नाव आणि वय जुळलं की लगेच वंशवृक्षात चिकटवून टाकतात आणि मग तीच चूक दहा झाडांवर पसरते, मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. जुळणारा प्रत्येक माणूस आधी खोडून काढायचा प्रयत्न करा. तो लहानपणीच दफन झाला का? 1861 ला त्याच गावात बायकामुलांसकट राहतोय का? तिकडेच मेला का? असं करत करत जो खोडता येत नाही आणि ज्याच्या आईवडिलांची नावं तुमच्याकडच्या दाखल्याशी जुळतात तोच धरा.

बाप्तिस्मा गावच्या चर्चमध्ये सापडला नाही तर घराणं मेथडिस्ट किंवा बाप्टिस्ट (इंग्लंडच्या सरकारी चर्चपेक्षा वेगळे पंथ) होतं का ते बघा, त्यांच्या चॅपलची रजिस्टरं वेगळी असायची, त्यातली बरीचशी 1837 नंतर सरकारजमा झाली आणि आता लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत, ऑनलाइनही दिसतात.

लग्नाचा दाखला हातात आला की साक्षीदारांची आडनावं इथे टाका, मी पण शोधून बघते.